स्टॉपर गप असला म्हणजे

देवराव सोमकुवरांचा आवाज अख्ख्या नागपुरानं ऐकला होता. राहिली होती ती फक्त त्यांची बायको.

हे प्रेमिला स्वतःच चारचौघींत सांगायची आणि सांगून हसायची. बायकाही हसायच्या. आता हसण्याचेही प्रकार असतात, आणि हे काही पोटातून आलेलं हसू नव्हे, हे ओळखण्याइतकी फुरसत कुणाला असते? नळ यायची वेळ झालेली असते, कुकरची शिटी झालेली असते. हसून बायका आपापल्या क्वार्टरात जायच्या आणि प्रेमिला तिच्या.

देवराव रेल्वेच्या फुटबॉल टीमचे स्टॉपर होते. स्टॉपर म्हणजे गोलीच्या पुढे उभा राहणारा शेवटचा गडी. बाकी सगळे चुकले तरी यानं चुकायचं नाही. गोल मारणाऱ्याला लोक खांद्यावर घेऊन नाचतात, याला कुणी घेत नाही, कारण यानं काय केलं ते दिसतच नाही. जो गोल झाला नाही, ती याची कमाई. तिचे पेढे कोण वाटणार? इंदोऱ्याच्या गल्लीत चिंध्यांच्या चेंडूवर खेळ शिकलेला आणि कितीतरी वर्षं अनवाणीच खेळलेला हा पोरगा रेल्वेनं एकसष्ट साली उचलला, तो खेळासाठीच. कागदोपत्री खलाशी, म्हणजे रेल्वेतला हरकाम्या मजूर. खरं काम म्हणजे सकाळी प्रॅक्टिस, संध्याकाळी प्रॅक्टिस, आणि हंगाम आला की खरगपूर, बिलासपूर, कलकत्ता. मोतीबागेच्या मैदानावर देवराव ओरडले की कडबी चौकातले सायकलवाले ब्रेक दाबतात, असं लोक सांगत. लोकांच्या सांगण्यातलं पाणी काढून टाकलं तरी आवाज मोठाच असणार.

प्रेमिलानं तो ऐकला नाही, कारण ती मैदानावर कधी गेली नाही. लग्न झालं तेव्हा बायका मैदानावर जात नसत. पुढे मुलगी झाली, मग घरचं, मग बालवाडीतली नोकरी, आणि मग न जाण्याचीच सवय लागली. तिच्या वाट्याला यायची ती चिखलानं जड झालेली जर्सी. ती धुता धुता तिनं विचारावं, "जिंकले का?"

"हो."

"गोल कोणं मारला?"

"फॉरवर्डनं."

झाली मॅच. एवढ्यात रेडिओवाले दोन तास काढतात.

घरी देवराव बोलतच नसत. रागीट नव्हते, दारू नाही, जुगार नाही, हात उचलणं तर दूरच. पण बोलणं नाही. एकदा भाजीत मीठ घालायचं राहिलं, ते तिला स्वतः जेवायला बसल्यावर कळलं. हे आधीच जेवून, ताट घासायला ठेवून गेलेले. नवीन लुगडं नेसून पुढ्यात उभी राहिली तर वर पाहिलं, पाहतच राहिले, आणि पुन्हा बुटाची नाडी बांधायला लागले. लग्नानंतर तिनं मॅट्रिकची परीक्षा दिली आणि पास झाली. पेपरात नंबर आला तेव्हा देवरावांनी तो पेपर नीट वाचला, घडी केली आणि आपल्या उशीखाली ठेवला. ती स्वयंपाकघरात उभी राहून एका शब्दाची वाट पाहत होती. शब्द आला नाही.

शेजारच्या शोभाताई म्हणायच्या, "नशिबाची आहेस वं प्रेमिला. तुह्या घरून कधी आवाज नाही येत. आमच्या इथं पाह्य, रोजचा तमाशा."

"आवाज येत नाही, हेच तं दुखणं आहे," असं प्रेमिलाच्या ओठावर यायचं. पण ज्या बाईच्या घरी रोज भांडी आदळतात तिला हे सांगायचं तरी कसं?

त्र्याहत्तर साली खरगपूरला देवरावांचा गुडघा फिरला. प्लॅस्टर घालून घरी आले तेव्हाही, "काय झालं?" याला "गुडघा," एवढंच उत्तर. खेळ सुटला, मालधक्क्याच्या ऑफिसात टेबल मिळालं. संध्याकाळी रेल्वेच्या पोरांना शिकवायला जात. तिथं बोलत असावेत, कारण पोरं शिकत होती. घरात बोलायची ती मुलगी. आईचं बापाला आणि बापाचं आईला ती आपल्या मनानंच सांगायची, निम्मं खोटं असलं तरी घर भरलेलं वाटायचं. पंच्याऐंशीला तिचं लग्न झालं, ती भिलाईला गेली, आणि अजनीच्या त्या दोन खोल्यांत घड्याळ ऐकू यायला लागलं.

अशात उमरेडहून बोलावणं आलं. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाला अधीक्षिका हवी होती, बालवाडीचा अनुभव असलेली, आणि मुख्य म्हणजे तिथंच राहणारी. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत हजर व्हायचं. प्रेमिलाला ते मनापासून हवंही होतं. इतक्या मुली, इतका कलकलाट! पण या वयात नवऱ्याला सोडून बाहेरगावी राहायचं म्हणजे विचारायला नको?

देवराव पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होते. खेळायचे बूट. खेळ सुटून बारा-तेरा वर्षं झाली तरी दर रविवारी त्यांना पॉलिश व्हायचं.

"उमरेडहून बोलावून राहिले. तिथंच राहा लागते. जाऊ का?"

ब्रश थांबला. मग पुन्हा चालायला लागला.

तिनं चहा केला. तो पिऊन झाला. दोन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. देवरावांनी तिच्याकडे पाहिलं, लुगड्याच्या वेळी पाहिलं होतं तसंच, आणि पिशवी घेऊन बाजारात गेले.

त्या दिवशी प्रेमिलानं मनाशी ठरवलं. जूनपर्यंत थांबायचं. तोवर या माणसानं एक शब्द काढला, 'जा' म्हणो की 'राहा' म्हणो, तर त्या शब्दाला मान द्यायचा. नाही काढला तर जायचं, आणि मग परत यायची घाई करायची नाही. भिंतीला विचारून निघालेल्या बाईनं भिंतीसाठी कशाला परतायचं?

हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. म्हणजे तीही त्यांच्याच वळणावर गेली, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही.

आणि नेमक्या त्याच दिवसांत धरमपेठेतून स्कूटरवर कृष्णकांत आला. हा टीव्हीच्या केंद्रात कार्यक्रम करायचा. नागपुरात टीव्ही येऊन तीन-चार वर्षं झाली होती, आणि आठवड्यातून एकदा खेळांचा अर्धा तास दाखवायचं घाटत होतं. स्थानिक सामन्यांचं चित्रण दाखवायचं आणि शेजारी एक जाणकार बसवायचा, त्यानं लोकांना खेळ समजावून सांगायचा. कृष्णकांत कॉलेजात असताना गोलच्या मागं उभा राहून मॅच पाहत असे.

"तो आवाज मी अजून विसरलो नाही, सोमकुवर साहेब," तो म्हणाला. "मला तुम्हीच हवेत. तुम्ही फक्त बोलायचं."

आतून प्रेमिलाचं हसू ऐकू आलं. कृष्णकांतला वाटलं, बाईंना आनंद झाला.

पहिल्या कार्यक्रमाला शोभाताईंच्या घरी क्वार्टरांची अख्खी लाइन लोटली, कारण टीव्ही त्यांच्याकडे. पोरं जमिनीवर, बायका पलंगावर, पुरुष दारात. देवराव पडद्यावर दिसले. मुलीच्या लग्नात शिवलेला कोट, केसांना तेल. टाळ्या पडल्या. प्रेमिलानंही वाजवल्या, खोटं कशाला बोला.

कृष्णकांतनं छान सुरुवात केली आणि चित्रण सुरू झालं. "देवरावजी, ही चढाई कशी वाटली?"

"ठीक आहे."

"इथं बचावफळी जरा उघडी पडली का?"

देवरावांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "नाही."

"हा गोल! काय सांगाल या गोलबद्दल?"

"झाला."

त्यानंतर पुष्कळ वेळ काहीच नाही. कृष्णकांत एकटाच बोलत राहिला आणि देवराव पडद्याकडे पाहत बसले. शोभाताई उठल्या, टीव्हीजवळ गेल्या आणि बटण पिळून म्हणाल्या, "आवाज गेला वाटते वं याचा." त्यावर जो हशा पिकला, तो बराच वेळ थांबला नाही.

प्रेमिलाला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मात्र आतून एक वेगळंच समाधान वर आलं. इतकी वर्षं ती जे सोसत होती ते आता साऱ्या नागपुरानं पाहिलं होतं. एकाच अर्ध्या तासात लोक टेकीला आले ना? ती वीस-बावीस वर्षं काढून बसली होती.

केंद्रातल्या वरच्या लोकांनी कृष्णकांतला चांगलंच फैलावर घेतलं. माणूस बदला, म्हणाले. पण कृष्णकांतही हट्टी. त्याचं म्हणणं पडलं, चूक माणसाची नाही, जागेची आहे. बंद खोलीत आधीच संपलेली मॅच दाखवून या माणसाला काय वाटणार? एप्रिलच्या सुरुवातीला एका स्पर्धेची फायनल होती, रेल्वे आणि कामठीचा एक क्लब. ती मैदानावरूनच थेट दाखवायची त्यानं परवानगी काढली, आणि देवरावांचं टेबल अगदी साइडलाइनला लावलं. ही शेवटची संधी, हे त्यानं देवरावांना सांगितलं. देवराव म्हणाले, "ठीक आहे."

शोभाताईंच्या घरी पुन्हा गर्दी, यावेळी मजा पाहायला. प्रेमिला येणार नव्हती. शोभाताईंनी ओढून आणली, हातात चहाचा कप दिला आणि म्हणाल्या, "बस वं. नवरा कोणाचा आहे?"

मॅच सुरू झाली आणि देवराव गप. हाफटाइम झाला तरी गप. पोरांनी पैजा लावायला सुरुवात केली, बोलतात की नाही. प्रेमिला मात्र वेगळंच काही पाहत होती. कॅमेरा मधूनच टेबलाकडे यायचा तेव्हा देवराव खुर्चीत मागे टेकून, हाताची घडी घालून बसलेले दिसायचे. संध्याकाळी पायरीवर बसायचे तस्सेच. हे बसणं तिला पाठ होतं. दुसऱ्या हाफात खेळ रंगात आला, रेल्वेची पोरं एका गोलनं पुढं होती, आणि एकाएकी तिला दिसलं की देवरावांनी हाताची घडी सोडली. टेबलावर पंजे टेकले. पुढे वाकले.

"गिरिधर! मागं!"

कप बशीत खडखडला, केव्हाचा निवलेला चहा तिच्या मांडीवर सांडला. टीव्हीच्या त्या एवढ्याशा खोक्यातून आला तरी तो आवाज खोलीभर झाला. शोभाताईंच्या नातवानं भोकाड पसरलं. लोकांनी सांगितलं होतं ते सगळं खरं होतं. उलट कमीच सांगितलं होतं.

मैदानावर गिरिधर नावाचा रेल्वेचा बॅक, देवरावांनीच तयार केलेला, इशारा मिळताच गर्रकन मागे वळला आणि त्याच्या पाठीआडून घुसलेल्या कामठीच्या फॉरवर्डच्या पायातून बॉल बाहेर काढला. होणारा गोल झाला नाही. आणि मग जो गोंधळ माजला! कामठीचे गडी टेबलाकडे धावले. टीव्हीवर समजावून सांगायला बसलेला माणूस एका टीमला सांभाळतो म्हणजे काय? मॅच थांबली. रेफरी महादेवराव तरातरा चालत टेबलापाशी आले. देवराव खेळत तेव्हापासूनचे हे रेफरी, दोघांचं कधी फारसं जमलं नव्हतं. महादेवरावांनी शिट्टी वाजवली, खिशात हात घातला आणि टीव्हीवरच्या जाणकाराला पिवळं कार्ड दाखवलं.

देवराव उठून उभे राहिले, खेळाडूनं राहावं तसे. मान खाली घातली. "चूक झाली," म्हणाले.

शोभाताईंच्या घरी लोक गडाबडा लोळायचे बाकी राहिले. पण कृष्णकांत खरा हुशार. त्यानं माइक पुढं केला. "देवरावजी, काय झालं नेमकं?"

"महादेवरावनं बरोबर केलं. इथं बसून ओरडाचं नोहतं. पण तो पोरगा गिरिधरच्या मागून येऊन राहिला होता, गिरिधरले दिसला नाही, मले दिसला. मंग तोंड नाही थांबलं."

"मॅच सुरू झाल्यापासून तुम्ही आत्ता पहिल्यांदा बोललात."

"धोका आत्ता पहिल्यांदा आला."

खोलीत अजून हसणं चाललं होतं. प्रेमिला म्हणाली, "चूप राहा गा सारे." तिचा आवाजही काही लहान नव्हता. सगळे चूप झाले.

"लोकाईले वाटते, स्टॉपर मॅचभर ओरडत राहते," देवराव सांगत होते. सावकाश, माइककडे न पाहता, मैदानावर नजर ठेवून. "तसं नसते. उगाच ओरडणाऱ्याचं मैदानात कोणी ऐकत नाही. धोका दिसला तं आवाज द्याचा, नाही तं गप राहाचं. माह्या टीमले माहीत होतं, देवराव गप आहे म्हणजे मागं सगळं ठीक आहे. वळून पाहाची गरज नाही. म्हून तं ते पुढं बेफिकीर खेळत. मी गप राहिलो का त्याईले समजे, का बावा, आपुन बरोबर खेळून राहिलो."

"म्हणजे गप राहणं हीच तुमची शाबासकी!" कृष्णकांत हसून म्हणाला. "मग घरी कसं? घरी तर कडबी चौकापर्यंत आवाज जात असेल."

"घरी?" देवरावांना प्रश्न खरंच समजला नसावा. "घरी कशाले ओरडन? घरी कधी धोका आलाच नाही. तिनं कधी काही चुकवलंच नाही."

पुढे मॅच कोण जिंकलं ते प्रेमिलाला कळलं नाही. तिला बिनमिठाची भाजी आठवत होती. लुगडं. उशीखाली ठेवलेला पेपर. पुढे तो पेटीत गेला होता आणि अजूनही होता, देवरावांच्या कपड्यांच्या तळाशी, आणि इतकी वर्षं तिला वाटत होतं की तिथं तो अस्तराला घातला आहे. तिचे डोळे भरून आले. शोभाताई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि स्वतःच मुसमुसत होत्या.

पण घरी पोचेपर्यंत तिचं डोकं तापलं होतं. आणि का तापू नये? टीमला माहीत होतं म्हणे. सगळ्या गड्यांना माहीत, गोलीला माहीत, राखीव गड्यांनासुद्धा माहीत. आणि आता टीव्हीवर सांगून अख्ख्या नागपूरला माहीत झालं. ती काय टीमच्या बाहेरची होती?

देवराव आले, पायरीवर बसून बूट काढायला लागले, तेव्हा ती दारातच उभी होती.

"टीमले माहीत होतं," ती म्हणाली. "मले कोणं सांगितलं?"

देवरावांनी वर पाहिलं. एक बूट हातात तसाच राहिला. "तुले माहीत नोहतं?"

"कसं माहीत राहीन? तुमी सांगितलं का कधी?"

"मले वाटे..." ते थांबले. त्यांचा चेहरा इतका गोंधळलेला तिनं कधी पाहिला नव्हता. "मैदानावर तं कोणाले सांगा नाही लागत. सोबत खेळता खेळता समजते. मले वाटे, तुलेही समजलं. इतके वर्ष सोबतच तं खेळून राहिलो आपुन."

प्रेमिलाच्या रागाचं अर्धं पाणी झालं. पण अर्धा शिल्लक होता, आणि तोच महत्त्वाचा होता.

"मंग मी उमरेडले जाऊन राहिली. दोनदा इचारलं तुमाले. गप राहिले. त्याच्यात काही धोका नाही दिसला?"

देवरावांनी बूट खाली ठेवला. दुसऱ्या बुटाशेजारी नीट जोडून ठेवला. ती वाट पाहत राहिली. यावेळी कितीही वेळ लागला तरी दारातून हलायचं नाही, असं तिनं ठरवलंच होतं.

"दिसला," ते म्हणाले.

"मंग काहून नाही ओरडले?"

"धोका तुले नोहता, प्रेमिला." तिचं नाव त्यांनी घेतलं, हे तिच्या ध्यानात यायला जरा उशीर झाला. "तुह्या पुढं मैदान मोकळं होतं. आपला गडी बॉल घेऊन मोकळ्या मैदानात चालला राहीन अन् मागून आवाज देल्ला, तं तो थबकते, वळून पाहते. मंग त्याचा डाव गेला. धोका मले होता. सोतासाठी कोणी ओरडते का?"

आतमध्ये घड्याळ चाललं होतं. प्रेमिला त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. इतक्या वर्षांत त्या पायरीवर दोघं मिळून कधी बसली नव्हती. ती एकट्याची जागा होती आणि तशी अरुंदही होती. तिला एकदम सगळ्याचा राग आला, स्वतःचा, त्यांचा, फुटबॉलचा, आणि त्याच वेळी फार बरंही वाटलं. दोघंही गप बसून राहिले.

जूनमध्ये ती उमरेडला गेली. तिला एक शब्द हवा होता आणि भरघोस मिळाला होता. आता राहावंसंही वाटत होतं. पण मोकळं मैदान आहे म्हटल्यावर थबकायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं होतं. देवरावांनी ट्रंक बसच्या टपावर चढवून दिली आणि बस सुटेपर्यंत हाताची घडी घालून उभे राहिले. तिनं ती घडी नीट पाहून घेतली.

"दर महिन्याच्या शेवटी येईन," तिनं खिडकीतून सांगितलं. त्यांनी मान हलवली.

इकडे देवरावांचा कार्यक्रम मात्र जोरात चालला. पिवळं कार्ड मिळालेला जाणकार म्हणून आधी लोक कौतुकानं पाहायला लागले, आणि मग त्यांना त्यातली गंमत कळली. केंद्रानं दर शनिवारी संध्याकाळी एक मॅच थेट दाखवायचं ठरवलं. देवराव मागे टेकून बसलेले असले की लोक निवांत चहा प्यायचे. त्यांनी घडी सोडली, पुढे वाकले, की पानठेल्यावरची माणसं हातातलं पान तसंच धरून टीव्हीपुढे यायची. बहुतेक वेळा गोल व्हायचा, किंवा थोडक्यात चुकायचा. ओरडायचं त्यांनी सोडलं होतं. कार्डाचा मान ठेवला होता. वाकून हळूच "आता पाहा," म्हणायचे, बस्स. त्या दोन शब्दांसाठी केंद्राकडे पत्रं यायला लागली.

उमरेडच्या वसतिगृहात एक जुना टीव्ही होता. प्रेमिलानं भल्यामोठ्या बांबूवर अँटेना चढवून घेतला, तेव्हा कुठं नागपूर दिसायला लागलं, तेही मुंग्या आल्यासारखं. शनिवारी साऱ्या मुली जमायच्या. पहिल्या खेपेला एकीनं विचारलं, "बाई, हे काका बोलत काहून नाहीत?"

"सगळं ठीक आहे म्हणून," प्रेमिला म्हणाली.

मुलींनी लगेच खेळ उचलला. देवराव पुढे वाकले की "धोका! धोका!" असा गिल्ला व्हायचा. स्वयंपाकाची मनकर्णाही पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहायची. प्रेमिलाला ते दिवस फार आवडले. कलकलाट हवा होता, तो मिळाला होता. शनिवारी मधून मधून घडी घातलेला तो माणूस दिसायचा, आणि तिचा आठवडा निश्चिंत जायचा.

ऑगस्टमधला एक शनिवार. मैदानावर चिखल, मॅच रटाळ. बॉल लाइनबाहेर गेला होता आणि एक गडी वाकून नाडी बांधत होता. कॅमेऱ्याला दाखवायला काही नव्हतं म्हणून तो टेबलाकडे वळला. देवरावांनी घडी सोडली. पंजे टेबलावर टेकले. पुढे वाकले.

"धोका!" मुली ओरडल्या आणि पडद्यावर शोधायला लागल्या. कुठं काही नव्हतं. बॉल अजून बाहेरच होता, दोन्ही टीमचे गडी कमरेवर हात ठेवून उभे होते. देवराव मैदानाकडे पाहत नव्हते. एरवी कधी पाहत नसत ते आज सरळ कॅमेऱ्यात पाहत होते. तोंड उघडलं. मग मिटलं. ते मागे टेकले आणि त्यांनी पुन्हा हाताची घडी घातली.

"काही म्हणत होतात, देवरावजी?" कृष्णकांतचा आवाज आला.

"नाही. काही नाही."

"फुकट गेलं," मुली म्हणाल्या, आणि हसल्या. थ्रो झाला, मॅच पुढं सरकली.

प्रेमिला उठली. मॅच संपायची तिनं वाट पाहिली नाही. आपल्या खोलीत जाऊन तिनं पिशवीत एक लुगडं घातलं, मग स्वयंपाकघरात येऊन मनकर्णाला म्हणाली, "उद्या रविवार आहे. सकाळच्या पहिल्या बसनं मी घरी जाऊन येते. पोरींकडे लक्ष ठेवजो."

"तुमी तं महिन्याच्या शेवटी जाणार होत्या, बाई." मनकर्णा घाबरली. "काहून? काही खबर आली का? काही झालं का घरी?"

"नाही वं. काही झालं नाही."

"मंग?"

प्रेमिलानं पिशवीचा बंद ओढून गाठ मारली.

"ओरडले नाहीत," ती म्हणाली. "पण ओरडणार होते."